सुशासन दिनी तो बोर्ड तरी लावा

संपादक महोदय,

25 डिसेंबरला अटलजींच्या जयंतीला 2014 पासून सुशासन दिन होतो, शपथ घेतात, फोटो काढतात, चांगलंच आहे. पण आपल्या राज्यात 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे, कुठला दाखला किती दिवसात मिळणार, कोण देणार, फी किती, अपील कोणाकडे करायचं हे सगळं ऑफिसच्या बोर्डवर लावणं त्यात बंधनकारक आहे, आणि कारण नसताना उशीर केला तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड. आईच्या दाखल्यासाठी मी चार हेलपाटे घातले, तिथे असा बोर्डच नव्हता हो! म्हाताऱ्या माणसांनी विचारायचं कोणाला? यावर्षी शपथेआधी प्रत्येक ऑफिसने तो बोर्ड लावावा, मोठ्या अक्षरात, मराठीत.

- एक वाचक