तेहरानच्या तीन काड्या आणि आपलं वळिवडं

कोल्हापूर
२० ऑक्टोबर

प्रिय सुधीर,

नेहानं पोलंडच्या वॉर्सातून पाठवलेला, कोल्हापूरचं नाव असलेल्या पाटीचा फोटो तू मला पुढं पाठवलास, त्याला आठवडा होऊन गेला. खाली एवढंच लिहिलं होतंस, 'कोल्हापूरचं नाव तिथं काय करतंय रे?' फोन करून सांगावं असं दोनदा मनात आलं, पण ही गोष्ट फोनवर मावणारी नाही. म्हणून आज दुपारी कागद घेऊन बसलोय. चहा घेऊन निवांत वाच.

तीस वर्षं मी पोरांना शिकवलं की दुसरं महायुद्ध १९३९ ला सुरू झालं आणि १९४५ ला संपलं. तिथं धडा संपायचा. खाली स्वाध्याय, रिकाम्या जागा भरा, आणि पान उलटलं की नवा धडा, शीतयुद्ध. निवृत्तीनंतर वाचायला लागलो तेव्हा कळलं, की या दोन धड्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत सापडलेली पोलंडची माणसं आपल्या कोल्हापूरशेजारच्या वळिवड्यात, निर्वासितांच्या कॅम्पात राहत होती. जवळजवळ पाच हजार, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. वर्गात मी त्यांचा एकदाही उल्लेख केला नाही, याची मला आजही खंत वाटते.

आमचे आजोबा त्या कॅम्पात दूध घालायचे, हे तुला सांगितलं होतं का? आजी कधीमधी त्यांच्याबरोबर जायची. 'गोऱ्या बायका, पण साहेबाच्या नव्हेत,' असं ती म्हणायची. साहेबाची मडम वाट सोडून चालायची, या बायका हसून बघायच्या. कौलारू बराकी, दारापुढं फुलझाडं, आणि सकाळी पोरं रांगेत शाळेला. पण आजीच्या मनात एकच गोष्ट कायमची बसली होती. एका बाईच्या हातातला पावाचा तुकडा धुळीत पडला. तिनं तो उचलला, फुंकर मारली, ओठाला लावला, आणि मग पोराला दिला. आजी म्हणायची, 'आपण भाकरीला पाय लागला तर हात जोडतो, तसं गं ते.' भाकरीला असं जपणारी माणसं कुठून आली असतील, हे तिला माहीत नव्हतं. मलाही पन्नाशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं.

पोलंडवरचा हल्ला म्हटलं की आपल्याला फक्त हिटलर आठवतो. पण त्याच्या आठवडाभर आधी, २३ ऑगस्ट १९३९ ला, जर्मनी आणि सोव्हिएत रशियाचा करार झाला होता, आणि त्याच्या पोटात एक गुप्त कलम होतं. मधला पोलंड दोघांनी वाटून घ्यायचा. १ सप्टेंबरला पश्चिमेकडून जर्मन आले, १७ सप्टेंबरला पूर्वेकडून लाल सेना आली. पश्चिमेच्या वाट्याला काय आलं ते जगाला ठाऊक आहे. आउशवित्झ त्याच भूमीवर आहे, आणि युद्धात मेलेल्या सुमारे साठ लाख पोलिश नागरिकांत निम्मे ज्यू होते. पूर्वेच्या वाट्याला जे आलं त्याबद्दल मात्र फार कमी बोललं गेलं.

१० फेब्रुवारी १९४० ला पहिली मोठी उचलबांगडी झाली. ऐन थंडीत पहाटे दारावर थाप, आवराआवरीला थोडासा वेळ, आणि मग गुरांच्या डब्यांतून आठवडेच्या आठवडे प्रवास. कुणी अर्खांगेल्स्कच्या जंगलात, कुणी सैबेरियात, तर एप्रिलच्या खेपेतले बरेचसे कझाकस्तानात. शेतकरी, वनरक्षक, शिपायांच्या बायका, शाळामास्तर. लाकडं तोडायची आणि तोडलेल्या मापानं पाव मिळायचा. आता आजीनं पाहिलेला तो तुकडा डोळ्यांपुढं आण.

त्याच वसंतात सोव्हिएत कैदेत असलेले पोलिश अधिकारी, पोलीस, डॉक्टर, वकील असे सुमारे बावीस हजार लोक गोळ्या घालून मारले गेले. कातिनच्या जंगलातली त्यांची प्रेतं एप्रिल १९४३ मध्ये जर्मनांनी उकरली, तेव्हा मॉस्कोनं सगळं खापर जर्मनांवर फोडलं. लंडनमध्ये आसरा घेतलेल्या पोलिश सरकारनं रेडक्रॉसकडे चौकशी मागितली, तर स्टॅलिननं त्या सरकारशी संबंधच तोडले. लंडन आणि वॉशिंग्टननं संशय गिळला. लढाई चालू असताना लाल सेनेला दुखावणं परवडणार नव्हतं, हे मी समजू शकतो. सोव्हिएत देशाची जवळजवळ पावणेतीन कोटी माणसं त्या युद्धात गेली, हिटलरचा कणा मुख्यतः त्यांनीच मोडला, हेही विसरता येत नाही. तरीपण बावीस हजार घरांना आपला माणूस कुणी मारला हेसुद्धा ऐकायला मिळू नये, हे माझ्या गळ्याखाली उतरत नाही.

पण मी थोडा पुढं गेलो. २२ जून १९४१ ला हिटलर रशियावरच उलटला आणि स्टॅलिनला मित्रांची गरज पडली. ३० जुलैला लंडनमध्ये पोलिश सरकार आणि रशियाचा करार झाला आणि सैबेरियातल्या पोलिश लोकांना 'माफी' मिळाली. माफी! गुन्हा कोणता ते कुणी सांगितलं नाही. पोलिश जनरल आंडर्स मॉस्कोच्या लुब्यांका तुरुंगातून सुटले आणि त्यांच्याकडं सैन्य उभारायचं काम आलं. ही बातमी जिथं जिथं पोचली तिथून माणसं दक्षिणेकडं निघाली. आगगाडीच्या टपावर, चालत, पोरं पाठीशी बांधून. १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून लाखाहून जास्त माणसं इराणच्या पहलवी बंदरात उतरली. तिथं त्यांचे कपडे जाळले, डोकी भादरली, पोटभर खायला दिलं. उपाशी आतड्यांना ते अन्न सोसलं नाही, म्हणून कितीतरी जण सुटका झाल्यावर मेले.

मग तेहरानचे तंबू. पुरुष सैन्याबरोबर इराक, पॅलेस्टाइनकडं गेले. बायकामुलांना आफ्रिका, न्यूझीलंड, मेक्सिको असं जिथं जागा मिळेल तिथं पाठवलं. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला अनाथ मुलांना आसरा दिला, ते बऱ्याच जणांना माहीत असतं. भारतातली सगळ्यात मोठी वस्ती मात्र आपल्या कोल्हापूर संस्थानात झाली, १९४३ मध्ये, वळिवड्याच्या माळावर. शाळा, चर्च, दवाखाना, बालवीरांची पथकं, सगळं उभं राहिलं. छातीनं अशक्त असलेल्या मुलांना पाचगणीला ठेवायचे. खर्च भागवायचं ते लंडनमध्ये आसऱ्याला असलेलं पोलिश सरकार. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेव.

आता ती काड्यांची गोष्ट. २८ नोव्हेंबर १९४३. जागा तेहरान, म्हणजे जिथं वळिवड्याची हीच पोरं वर्षभरापूर्वी तंबूत होती तेच गाव. रात्रीचं जेवण झालंय, रूझवेल्ट झोपायला गेलेत. चर्चिल आणि स्टॅलिन बोलत बसलेत. पोलंडची सरहद्द कुठं असावी, हा विषय. चर्चिलनी तीन आगकाड्या मेजावर ठेवल्या आणि सरकवून दाखवल्या. रशिया पश्चिमेकडं सरकेल, पोलंड पश्चिमेकडं सरकेल, जर्मनी पश्चिमेकडं सरकेल. स्टॅलिनना ते आवडलं. हे स्वतः चर्चिलनीच पुढं लिहून ठेवलंय.

सुधीर, मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून अंगणात जाऊन उभा राहिलो. त्या महिन्यात आजोबा कॅम्पात दूध घालत होते. वर्गात पोलंडचा भूगोल शिकवला जात असणार, ल्वुव कुठं, विल्नो कुठं, आपलं गाव कुठं. आणि ती गावं आदल्या रात्री एका मेजावरून सरकून गेली होती.

सैन्यात असलेल्या त्यांच्या बापांना, भावांना याचा पत्ता नव्हता. ते इटलीत पोचले. ११ मे १९४४ च्या रात्री मोंते कासिनो या मठाच्या डोंगरावर शेवटचा मोठा हल्ला सुरू झाला. डोंगरावर पोलिश, खाली नदीकाठच्या खोऱ्यात आठवी भारतीय डिव्हिजन, आणि तिच्यात आपली मराठ्यांची पलटणही होती. पोलिशांचा पहिला हल्ला फसला. १८ मेला त्यांचा झेंडा मठाच्या भग्न भिंतींवर चढला आणि एका बिगुलवाल्यानं क्राकूच्या चर्चमधून रोज वाजते ती धून वाजवली. हजारावर पोलिश तिथं डोंगरावरच पुरले आहेत. डोंगराच्या पायथ्याशी राष्ट्रकुलाचं स्मारक आहे, त्यावर माणगाव तालुक्यातल्या यशवंत घाडगे यांचं नाव कोरलेलं आहे. १० जुलै १९४४ ला वरच्या तायबर खोऱ्यात एकट्यानं मशिनगनचा मोर्चा घेताना ते पडले, मागून व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणजे बघ, ज्यांची बायकापोरं पंचगंगेच्या काठी होती ते आणि सह्याद्रीतून गेलेले आपले जवान एकाच डोंगराच्या वर-खाली स्मरणात राहिलेत. यातला एक आपला देश दुसऱ्याच्या ताब्यात असताना लढला, दुसरा आपला देश आधीच देऊन टाकलेला असताना.

फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला त्या काड्यांचीच रेघ कागदावर आली. पोलंडचा पूर्व भाग रशियाला. आंडर्स संतापले, आपलं सैन्य आघाडीवरून काढून घेतो म्हणाले. शेवटी नाही काढलं. एप्रिलमध्ये त्याच सैन्यानं बोलोन्या शहर मोकळं केलं. घर गेल्याचं माहीत असलेली माणसं दुसऱ्याचं शहर सोडवत होती. लाल सेना तोवर सगळ्या पोलंडभर पसरली होती, तिला हटवायचं म्हणजे नवं युद्ध, आणि ते करायची ताकद कुणात नव्हती, हे खरं. शिवाय त्या पूर्व भागात युक्रेनी आणि बेलारूशी लोकही पिढ्यान् पिढ्या राहत होते, तो नुसता पोलिशांचा नव्हता, हेही खरं. ल्वुव आज युक्रेनचं ल्विव्ह आहे. पण त्या मेजावर ना युक्रेनी होता, ना पोलिश.

५ जुलै १९४५ ला ब्रिटन आणि अमेरिकेनं लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि वॉर्सातल्या, मॉस्कोच्या मर्जीतल्या सरकारला दिली. एका दिवसात वळिवड्याचा पोशिंदाच कागदावरून नाहीसा झाला. पुढं संयुक्त राष्ट्रांच्या मदत संस्थेनं कॅम्प सांभाळला. युरोपात दिवाळी चालली होती, आणि आपल्या इथं बराकी-बराकीत एकच प्रश्न होता, जायचं कुठं? परत गेलं तर घर रशियात. आणि सैबेरिया भोगलेल्या बाईला कुणी कसं पटवावं की आता ते तुला काही करणार नाहीत? काही परतले. बरेचसे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा असे पांगले. वॉर्सा सरकारनं १९४६ मध्ये आंडर्स यांचं नागरिकत्वच काढून घेतलं. शीतयुद्धाच्या धड्यात मी चर्चिलचं मार्च १९४६ चं फुल्टनचं भाषण शिकवायचो, पोलादी पडदा, फळ्यावर उभी रेघ. वळिवड्याच्या बायकांना तो पडदा सहा वर्षं आधी दिसला होता, गुरांच्या डब्याच्या फटीतून.

१९४८ पर्यंत कॅम्प रिकामा झाला. पण बराकी रिकाम्या राहिल्या नाहीत. दुसऱ्या एका रेघेनं घर गमावलेली सिंधी कुटुंबं तिथं आली, आणि आज आपण ज्याला गांधीनगर म्हणतो, तुझ्या लग्नाचा बस्ता जिथं बांधला, तो बाजार त्यांनी उभा केला. त्या दिवशी आपण त्याच माळावर शालू निवडत होतो, आणि आपल्या कुणालाच ते माहीत नव्हतं.

आता शेवटचं, म्हणजे नेहाला सांगण्यासारखं. ते लंडनचं सरकार, मान्यता गेल्यावरही, मोडलं नाही. पंचेचाळीस वर्षं एका घरात राष्ट्राध्यक्ष नेमत राहिलं, शिक्का आणि झेंडा जपत राहिलं. जगानं वेड्यात काढलं असेल. तिकडं पोलंडमध्ये सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेचा संप झाला, १३ डिसेंबर १९८१ ला लष्करी कायदा आला, जून १९८९ मध्ये निवडणूक झाली. एप्रिल १९९० मध्ये मॉस्कोनं कातिन आपल्याच लोकांनी केल्याचं कबूल केलं. आणि २२ डिसेंबर १९९० ला वॉर्साच्या राजवाड्यात लंडनच्या शेवटच्या राष्ट्राध्यक्षांनी, रिशार्ड काचोरोव्स्की यांनी, ती राजचिन्हं पोलंडचे नवे निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष लेक वालेसा यांच्या हाती दिली. काचोरोव्स्की स्वतः तरुणपणी रशियनांच्या कैदेत कोलिमाच्या श्रमछावणीत गेलेले, आंडर्सबरोबर सुटलेले, मोंते कासिनोला लढलेले. २०१० मध्ये कातिनला श्रद्धांजली वाहायला निघालेलं पोलिश राष्ट्राध्यक्षांचं विमान स्मोलेन्स्कजवळ कोसळलं, त्यात तेही गेले.

नेहाच्या फोटोतली पाटी आहे ना, तिच्या जवळच मोंते कासिनोचं स्मारक आहे. तिला म्हणावं, एकदा दोन्ही एका फोटोत येतील असा कोन बघ. मी तो छापून घेणार आहे. इथं महावीर उद्यानात पोलिशांच्या आठवणीचा स्तंभ आहे, सकाळी फिरायला जातो तेव्हा त्याच्याशी दोन मिनिटं थांबतो. ख्रिस्ती दफनभूमीत त्यांची थडगीही आहेत, इथंच मेलेल्या माणसांची. तू दिवाळीला आलास की आपण दोघं जाऊ. जाताना आमच्या वहिनींकडून बागेतली शेवंती मागून घेईन, तिची झाडं आजीच्या वेळची आहेत.

नेहाला आशीर्वाद. वहिनींना नमस्कार. गुडघ्याचं काय म्हणाले डॉक्टर ते कळव.

तुझा,
विलास