गोळी बंद करण्याआधी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू घाईत होतास आणि जरा चिडलेलाही, म्हणून लिहिते आहे. सूनबाईने पाठवलेला तुझ्या पायांचा फोटो पाहिला. घोट्याचं हाड दिसेनासं झालंय, मोज्याचा वळ खोल उमटलाय. सूज दोन्ही पायांना सारखीच आहे, सकाळी उतरते आणि संध्याकाळी पुन्हा चढते, हेही तिने सांगितलं. या सुजेला कंटाळून तू बीपीची गोळीच बंद केलीस. सुजेची काळजी मला आहेच, पण गोळी बंद केल्याची त्याहून जास्त आहे.

तू म्हणालास, दोन दिवस गोळी घेतली नाही तरी बीपी ठीक आलं, म्हणजे गरजच नव्हती. तसं नसतं रे. तुझी ही गोळी अ‍ॅम्लोडिपिनची आहे, आणि ते शरीरात फार वेळ टिकतं. निम्मं औषध बाहेर पडायलाच ३० ते ५० तास लागतात. दोन दिवसांनी तू मोजलास तो आकडा आधी घेतलेल्या गोळ्यांचाच होता. ते औषध संपत जाईल तसं बीपी पुन्हा चढेल आणि तुला ते जाणवणारही नाही, कारण बहुतेकांना बीपी वाढलेलं कळत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, यावरून काहीच ठरवता येत नाही. तुझ्या मोठ्या मामांनी बरं वाटतंय म्हणून अशाच गोळ्या सोडल्या होत्या. त्रास जाणवू लागला तोवर मूत्रपिंडं निकामी झाली होती. डायलिसिसच्या दिवसांत त्यांच्याजवळ मी बसायची. ते तुला पाहायला लागू नये, एवढंच मला वाटतं.

आता सुजेबद्दल. ती तुझ्या मनाचा खेळ नाही, आणि या औषधाने पाय सुजतात हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक असतं. मलाही ती येऊन गेली आहे. हे औषध बारीक धमन्या सैल करतं, म्हणून बीपी उतरतं. पण रक्त परत नेणाऱ्या शिरा ते तेवढ्या सैल करत नाही. येणारी वाट रुंद झाली आणि जाणारी तेवढीच राहिली, की मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो. मग रक्तातलं पाणी त्यांच्या भिंतींतून झिरपून आजूबाजूला साठतं आणि दिवसभर उभं राहून, खुर्चीत बसून खाली घोट्यांशी उतरतं. डोस जितका मोठा, तितकी ही सूज जास्त वेळा दिसते. गेल्या भेटीत तुझी गोळी ५ मिलिग्रॅमची १० झाली होती ना? त्यानंतरच बूट घट्ट व्हायला लागले, असं तूच म्हणाला होतास.

म्हणूनच ऑफिसातल्या मित्राने सुचवलेली लघवीची गोळी परस्पर घेऊ नकोस. या प्रकारच्या सुजेत मुळात शरीराने जादा पाणी धरून ठेवलेलं नसतं, पाणी फक्त भलत्या जागी गेलेलं असतं. लघवी वाढवून ते फारसं हटत नाही. उलट सोडियम-पोटॅशियम घसरून पायात गोळे येतील, गरगरेल. डॉक्टर त्या गोळ्या बीपीसाठी देतात तेव्हा रक्त तपासून देतात. तसंच, पायात पाणी झालंय म्हणून पाणी पिणं कमी करायचं, हा समजही काढून टाक. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टरांनी माप ठरवून दिलं असेल तरच ते पाळायचं असतं.

यावर उपाय आहेत, आणि ते अवघडही नाहीत. माझा डोस निम्मा केला आणि जोडीला टेल्मिसार्टन हे दुसऱ्या गटातलं बीपीचं औषध दिलं. त्या गटातली औषधं परतीच्या शिराही सैल करतात, त्यामुळे बीपी आवरतं आणि सूजही कमी होते. कुणाला अ‍ॅम्लोडिपिनऐवजी सिल्निडिपिन देतात, त्याने पाय कमी सुजतात. तुझ्यासाठी काय योग्य ते डॉक्टर ठरवतील, पण त्यांना कळलं तर ना! औषध बदललं तरी सूज लगेच ओसरत नाही. माझे पाय पूर्ववत व्हायला बरेच दिवस गेले होते, तेव्हा उतावीळ होऊ नकोस.

मात्र सूज गोळीचीच आहे असं मी इथे बसून ठरवू शकत नाही, आणि तूही ठरवू नकोस. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम पाहणारी रक्ततपासणी), लघवीतलं प्रोटीन, थायरॉइड आणि यकृताच्या तपासण्या, ईसीजी, यांतलं काय करायचं ते डॉक्टरांना विचार. आणि कंबर दुखते म्हणून तू डायक्लोफेनॅक की आयब्युप्रोफेन घेतोस, ते त्यांना आवर्जून सांग. ही औषधं शरीरात मीठ-पाणी अडवतात, बीपी वाढवतात, मूत्रपिंडावरही ताण आणतात. बीपीच्या चिठ्ठीत त्यांचं नाव नसतं, म्हणून ती सांगायची राहूनच जातात.

काही गोष्टी दिसल्या तर भेटीच्या तारखेची वाट बघायची नाही. आडवं पडल्यावर दम लागून उठून बसावंसं वाटलं, छातीत दुखलं, वजन दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, किंवा एकच पाय सुजून दुखायला लागला, तर तडक दवाखान्यात जा. एका पायाची सूज ही आत रक्ताची गुठळी झाल्याची खूण असू शकते. बीपी १८०/१२० च्या वर जाऊन डोकं फुटेल असं दुखत असेल, नजर धूसर झाली असेल, बोबडी वळत असेल, तर रात्र असली तरी निघायचं.

बीपी मोजताना तू फोनवर बोलत असतोस, ते मला माहीत आहे. तो आकडा काय कामाचा? आधी लघवीला जाऊन ये, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बस, पाय जमिनीवर, एकावर एक नाहीत, दंड उघडा, पट्टा छातीच्या उंचीला. अर्धा तास आधी चहा-कॉफी नको. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं, सकाळी आणि संध्याकाळी, सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. घरी १३५/८५ किंवा त्याहून वर राहिलं तर ते वाढलेलंच धरतात. तुझा दंड जाड आहे, पट्टा आखूड पडत असेल तर मशीन उगाच जास्त दाखवेल. तेवढं तपासून घे.

मिठाचं तुला आधीही सांगितलं आहे. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि त्यात पाकीटबंद खाण्यातलं मीठही धरायचं. सोडियम कमी असलेलं मीठ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि टेल्मिसार्टनसारखं औषध चालू असताना किंवा मूत्रपिंड नाजूक असताना ते रक्तात धोकादायक वाढू शकतं.

खुर्चीवरून तासाभराने उठून चाल, पोटऱ्या हलल्या की रक्त वर चढतं. रात्री पाय छातीच्या वर राहतील अशा उशा घे. घट्ट मोजे कुणी सांगितले तरी पायांचा रक्तपुरवठा तपासून झाल्यावरच घालायचे.

आजच डॉक्टरांना फोन कर. किती दिवस गोळी घेतली नाहीस ते न लपवता सांग आणि पुन्हा कधीपासून, किती घ्यायची ते विचार. भेटीला जाताना आकड्यांची वही, सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि तो फोटो ने; सकाळी सूज उतरलेली असली तरी फोटोत त्यांना दिसेल. वेळ ठरली की कळव. तुला चालणार असेल तर मी बरोबर येते.

तुझी,
आई