'ळ'पाशी अडलेली वऱ्हाडी

रविवारच्या पुरवणीत जुन्या काळातील दरोडेखोरावरच्या चित्रपटाचे परीक्षण वाचले. कंदील, दमण्या (छोट्या बैलगाड्या), पागोटी यांचे कौतुक मान्य. नायकाची वऱ्हाडी 'अस्सल' असल्याचे मात्र पटले नाही. 'मला'चे 'मले' केले आणि वाक्याला 'राहिला' जोडला की वऱ्हाडी होत नाही. आमच्याकडे 'डोळा'चा 'डोया' होतो, 'काळा'चा 'काया', 'पाणी'चे 'पानी'. नायक 'मले' म्हणतो आणि पुढच्याच शब्दात खणखणीत 'ळ' उच्चारतो. आम्ही ओट्यावर बसून मोबाइलवर चित्रपट पाहत होतो; नायक 'तुह्या डोळ्यात माती टाकीन' असे दरडावतो, तिथे आमचे आबाजी हसू लागले : "हा तं पुन्याचा दिसते!"

जुनी बोली कुठून आणायची, ही सबबही चालणार नाही. ब्रिटिश काळातील अधिकारी ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) वऱ्हाडीचे नमुने छापलेले आहेत. आणि तेवढे तरी कशाला? चित्रीकरणाला बैलजोडी भाड्याने आणतात. उच्चार तपासायला अकोला-अमरावतीकडचा एक म्हातारा आणला असता, तर खर्च बैलजोडीपेक्षा कमीच आला असता.

— एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती