हिरो शेवटी सरदाराचाच पोरगा कशाला निघतो?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पेपरात व्हिडिओ गेमबद्दल काय आलं तर पोरांचे डोळे आणि व्यसन, त्यातल्या गोष्टींवर कोण बोलतच नाही, म्हणून लिहितोय. बऱ्याच मोठ्या गेममध्ये हिरो आधीच ठरलेला असतो. 'स्कायरिम' (२०११) घ्या, हात बांधून गाडीत बसवलेला कैदी, वाटतं आता याचं काय खरं नाही, आणि थोड्या वेळात कळतं की साहेब ड्रॅगनबॉर्न, म्हणजे ड्रॅगनचा आत्मा घेऊनच जन्मलेले आहेत, भविष्यवाणीतच आहेत. मग पुढं जिंकलं त्यात आपलं काय? आपल्याकडं तालमीत कोण कुंडली बघून पैलवान करत नाही, पहाटे उठून जोर मारावे लागतात.

म्हणून २०१८ चा 'किंगडम कम: डिलिव्हरन्स' लई आवडला. १४०३ सालचा बोहेमिया, म्हणजे आत्ताच्या चेक देशाचा एक भाग, आणि हेन्री हा लोहाराचा पोरगा. बाप एका दारुड्याकडं उधारी वसूल करायला पाठवतो तर तो दारुडा यालाच धुतो. वाचता येत नाही, पुस्तक उघडलं की अक्षरं उलटीपालटी दिसतात, मग एका लेखनिकाकडं शिकायचं आणि हळूहळू शब्द जागेवर यायला लागतात, त्यात जी मजा आहे ती दहा ड्रॅगन मारून येत नाही. (खेळायचा असेल तर पुढचं वाक्य सोडा.) आणि एवढं करून शेवटाकडं सांगतात काय, तर हा सरदार राड्झिगचा अनौरस मुलगा! अरे लोहाराचा होता त्यात काय कमी होतं?

'पेपर्स, प्लीज' (२०१३) असली माती खात नाही. नशीब म्हणाल तर सरकारी लॉटरीत नाव लागून बॉर्डरवर कागद तपासायची नोकरी मिळाली, एवढंच. नवऱ्याचे कागद बरोबर, मागनं बायको येते तिच्याकडं परमिट नाही, सोडलं तर आपल्यावर ठपका, आणि संध्याकाळी भाडं, जेवण, औषध यातलं काय कापायचं ते बघा.

भविष्यवाणी वाईटच असते असं नाही. 'मोरोविंड' (२००२) मध्ये एका गुहेत तुमच्या आधी 'भविष्यवाणीतला तो मीच' म्हणून आलेले आणि फसलेले सगळे भेटतात, आणि आपण तरी खरे का, हे गेम नीट सांगतच नाही. असं जमत असेल तर खुशाल करा.

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स या गेम कंपनीनं २०२० मध्ये 'राजी' काढला, सर्कशीतली पोरगी, त्रिशूळ देवीचा पण भिंतीवर पळणं तिचं स्वतःचं. मग आपल्या पन्हाळ्यावर का नको? १६६० चा सिद्दी जौहरचा वेढा, आणि खेळायचं शिवा काशिद होऊन, महाराजांच्या वेशात पालखीत बसायचं, आपण राजा नाही आणि पकडलं तर काय होणार हे पक्कं माहीत असताना. कुणी करायला घेतलाच तर एकच विनंती, शेवटी त्याला कुठल्यातरी सरदाराचा हरवलेला मुलगा काढू नका.

आपला,
एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर