भाकरी का बंद झाली

प्रिय आई आणि बाबा,
शि. सा. नमस्कार.

बाबांचा रिपोर्ट फोनवर ऐकला, एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १५८. त्या रात्री माझ्या डोळ्यांसमोर सारखं दिवाळीत पाहिलेलं स्वयंपाकघर येत होतं. ज्वारीचा डबा रिकामा आणि ओट्यावर टोस्ट-खारीच्या पुड्या. मंगळवेढ्याच्या मालदांडीशिवाय दुसरी ज्वारी न चालणारं आपलं घर, आणि तिथे सकाळी चहा-टोस्ट, दुपारी भात, रात्री परत भातच.

आई, तू म्हणालीस, "आता भाकरी जात नाही गं." मी विश्वास ठेवला. परवा मावशीकडून कळलं की तुझं उजवं मनगट दुखतं, भाकरी थापवत नाही. आणि बाबा, नवी कवळी बसवल्यापासून तुम्हाला भाकरी चावत नाही, पण आईला वाईट वाटेल म्हणून तुम्ही गप्प राहिलात. दोघंही एकमेकांना जपत राहिलात. मला आधी सांगितलं असतंत तर!

बाबा, तुम्ही ३० वर्षं मुलांना विज्ञान शिकवलंत, म्हणून नीटच लिहिते. धान्याच्या कोंड्यातले आणि कडधान्यांतले तंतू आपल्याला पचत नाहीत. त्यांतले पाण्यात विरघळणारे तंतू आतड्यात बुळबुळीत होतात आणि पित्तरसातली आम्लं धरून बाहेर नेतात. ती आम्लं यकृताला पुन्हा बनवावी लागतात, आणि त्यासाठी ते रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. रक्तवाहिनीला आतून पेशींचा एकच पातळ थर असतो. तोच नायट्रिक ऑक्साइड सोडून वाहिनी सैल ठेवतो. या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. एलडीएल वर्षानुवर्षं जास्त राहिलं की तो थर बिघडतो आणि त्याच्याखाली चरबी साचू लागते. तुमचे मित्र म्हणतात तसं कुठलंही धान्य साचलेलं "धुऊन" काढत नाही. पुढचं साचणं कमी करता येतं, आणि माझ्यासाठी तेवढंही खूप आहे.

आता खरं ते सांगते, ज्वारीत न विरघळणारे तंतू जास्त. पोटाला ते हवेतच, पण कोलेस्टेरॉलसाठी तिच्या जोडीला मटकीची, हरभऱ्याची उसळ हवी. जव किंवा ओट्सही चालतील. तरी फरक बघा: १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम तंतू, पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमसुद्धा नाहीत. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम सांगते. चहा-टोस्ट आणि भातावर तेवढे कुठून मिळणार? आणि बाबा, "मल्टिग्रेन" लिहिलेल्या बिस्किटांच्या पुड्यावर मागची बारीक अक्षरं वाचा. बहुतेक वेळा पहिलं नाव मैद्याचंच असतं.

भाकरी थापायचा हट्ट मी धरत नाही. आई, आजी करायची तशा कण्या करू या. फक्त ज्वारी कांडायची नाही, कोंडा निघून जातो. गिरणीतून नुसता भरडा काढून आणायचा. रात्री भिजवून सकाळी कुकरला भरपूर पाण्यात मऊ शिजवायचा, वर ताक, लसणाची फोडणी. कवळीला त्रास नाही, मनगटाला तर नाहीच. मीठ मात्र बेताचं, बाबांच्या बीपीसाठी. धिरडीही होतील, पण पीठ बारीक चाळणीने चाळू नकोस.

एकदम सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात दिवसातून एकच वाटी, नाहीतर पोट फुगेल आणि बाबा लगेच "मला सोसत नाही" म्हणतील. पाणीही वाढवा. गोळी एकही दिवस चुकवायची नाही. कण्या गोळीच्या जोडीला आहेत, तिच्या जागी नाहीत. तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासू, तेव्हा डॉक्टरांकडे मी बरोबर असेन.

शनिवारच्या पहाटेच्या गाडीने येते. ज्वारी निवडून ठेवा, पण गिरणीत मीच नेईन. बाबा, तो डबा तुम्ही उचलायचा नाही. आई, सोमवारी मनगट दाखवायला जायचंय, मी नंबर लावलाय.

तुमची,
चिमी