शेत विकायच्या आधी हे वाचा

प्रिय आई-बाबा,

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही आणि आई लगेच 'जेवलीस का' वर येते, म्हणून पत्रच लिहितेय.

सध्या मी अझरबैजानच्या एका बाईबद्दल वाचतेय, हमीदा जवानशीर. जन्म १८७३, काराबागमधलं कहरीझली गाव. वडील अहमद बेग इतिहास लिहायचे, मुलीला त्यांनी घरीच शिकवलं. १९०२ मध्ये नवरा गेला, पुढच्याच वर्षी वडील, आणि गावची जमीन हिच्या अंगावर पडली. बाबा, कापूस हो! आपल्यासारखाच. आणि ती सोडून पळाली नाही, १९१२ मध्ये कापूसवाल्यांच्या परिषदेत उभी राहून बायकांनी समाजाच्या कामात पडलं पाहिजे असं बोलली.

वडिलांचं हस्तलिखित छापायला ती १९०५ मध्ये तिफ्लिसला, म्हणजे आजच्या जॉर्जियातल्या त्बिलिसीला गेली होती, तिथे पुढे 'मोल्ला नसरद्दीन' साप्ताहिक काढणारे जलील ममदगुलूजादे भेटले, १९०७ मध्ये लग्न झालं. पण मला आवडलं ते पुढचं. १९०८ मध्ये तिने कहरीझलीत शाळा काढली, मुलं-मुली एकाच वर्गात, तिकडची अशी पहिलीच. १९१० मध्ये मुस्लिम बायकांची मदत संस्था. आणि देवीची साथ आली तेव्हा स्वतः लस विकत आणून गावकऱ्यांना टोचली.

आई, हे वाचलं आणि तुझा तो खांद्यावरचा लशींचा निळा डबा आठवला, बर्फाचं पाणी गळून साडीची एक बाजू कायम ओली. लोक पोरांना कणगीमागे लपवायचे आणि तू न चिडता ओट्यावर बसून चहा मागायचीस, चहा होईस्तोवर पोरगं आपणच बाहेर यायचं. मी शेजारी बसलेली असायचे, तुला कधी बोलले नाही पण मला केवढा अभिमान वाटायचा.

बाबा, तुम्ही म्हणता पोरगा नाही, आता शेत कोण बघणार, विकून टाकू. मला एकदा तरी विचारायचं ना. डवरणी, वेचणी मला येते, बोंडअळी तुम्हीच ओळखायला शिकवलीत, हिशोब तर मी दहावीपासून ठेवतेय. नोकरी आहे, सगळं एकदम जमणार नाही, पहिली दोन वर्षं निम्मं बटाईने देऊ पण विकायचं नाही.

दिवाळीला आठ दिवस येतेय. तोवर सातबारा काढून ठेवा आणि त्या दलालाला घरी बोलावू नका.

तुमची,
ताई