विन्या, तुझ्या त्या हाताबद्दल

प्रिय विन्या,

एवढं लांबलचक बघून दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. ह्यूस्टनला येऊन पाच महिने झाले, उकाडा आपल्यासारखाच, नुसतं घामटं निघतं. ऑफिसात एक साठीचे काका आहेत, बेसबॉलचे वेडे, त्यांनी परवा जेवताना जे. आर. रिचर्डची गोष्ट सांगितली आणि तेव्हापासून तू काही डोक्यातून जात नाहीयेस.

हा रिचर्ड इथल्या अ‍ॅस्ट्रोज टीमचा पिचर, म्हणजे आपला बॉलरच समज, फक्त रनअप नाही, मातीच्या उंचवट्यावर उभं राहून तिथूनच फेकायचं. उंची सहा फूट आठ इंच. पंजा केवढा, तर एका हातात आठ बॉल धरायचा! मी किचनमध्ये लिंबं घेऊन ट्राय केलं, पाचव्यालाच खाली पडली. स्पीड ताशी १६० किलोमीटरच्या आसपास. १९७१ ला पहिल्याच मॅचमध्ये १५ जण स्ट्राइकआउट, म्हणजे पिचरने बॅट्समनला तीन स्ट्राइकमध्ये आउट करणं, पुढे १९७८ च्या सीझनला ३०३ आणि १९७९ ला ३१३.

आणि १९८० मध्ये, ऐन फॉर्मात, तिशीचा असताना हा सांगायला लागला की हात मेल्यासारखा होतोय, थकल्यासारखं वाटतंय. मॅच अर्धवट सोडून बाहेर यायचा. झालं, पेपरवाले तुटून पडले, आळशी आहे म्हणे, टीममधल्या दुसऱ्या पिचरला, नोलन रायनला, वर्षाला दहा लाख डॉलर दिले म्हणून याच्या पोटात दुखतंय म्हणे, ड्रग्ज घेतो इथपर्यंत गेले लोक. अरे, दिसायला धडधाकट, जुलैत ऑलस्टार मॅचला, म्हणजे निवडक स्टार खेळाडूंच्या मॅचला, सुरुवातीचा पिचर, मग कोण विश्वास ठेवणार? टेस्टमध्ये उजव्या हाताची रक्तवाहिनी तुंबलेली दिसली, तरी ऑपरेशनची गरज नाही असं ठरलं. ३० जुलैला हलकी प्रॅक्टिस करताना डोकं दुखायला लागलं, कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं आणि तो तिथेच कोसळला. स्ट्रोक. डाव्या बाजूची ताकद गेली. त्याच रात्री मानेतली गुठळी काढली. खांद्यापाशी, गळ्याच्या हाडाखाली रक्तवाहिनी दाबली जात होती, हात वर गेला की रक्तच पोचायचं नाही, हे नीट उलगडलं ते या सगळ्यानंतर.

परत यायची खूप धडपड केली बिचाऱ्याने, छोट्या लीगमध्ये खेळला, पण मोठ्या मैदानावर पुन्हा एकही बॉल टाकायला मिळाला नाही. पुढे पैसे गेले, संसार मोडला आणि १९९४ ला हा माणूस याच ह्यूस्टनमध्ये पुलाखाली राहत होता. नंतर सावरला, चर्चमध्ये काम करायला लागला, २०२१ ला गेला. आता पुलाखालून जाताना गाडीतून नजर तिकडे जातेच.

तर मुद्दा. सेकंड इयरची सेमीफायनल आठवते? सहा ओव्हर टाकून तू माझ्याकडे आलास आणि म्हणालास, बोटं गार पडलीयेत रे, बॉल हातात आहे की नाही तेच कळत नाहीये. कॅप्टन मी. सगळ्यांसमोर म्हणालो, नाटकं बंद कर, अजून दोन टाक. टाकल्यास तू. त्या सीझननंतर तू बॉलिंग सोडलीस आणि मी वर्षभर तुला 'हिरोईन' म्हणून चिडवत राहिलो. कधी सॉरी म्हटलं नाही, आज म्हणतोय, उशीर झालाय माहितीये.

परवाच्या बड्डेच्या फोटोत बघितलं, पोरीला तू डाव्या कडेवर घेतलंयस, केकही डाव्या हातानेच कापतोयस. तू तर उजवा ना रे? अजून बधिर होतो का तो हात? कुणाला दाखवलास का? नसशील दाखवला तर रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरकडे जा, मालिशवाल्याकडे नको. बिल मी देतो म्हटलं तर शिव्या घालशील, म्हणून म्हणत नाही.

रविवारी सकाळी तुझ्या चहाच्या टायमाला फोन करतो. उचल.

तुझा,
पक्या